ओजेटीचे १२० तास : ओळखपाळख नसलेल्या विद्यार्थ्याने इंटर्नशिपची तयारी कशी करावी?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आमच्या अभ्यासिकेत पदवीची मुले-मुली हातात एक कागद घेऊन येऊ लागतात. कॉलेजचे पत्र असते. ‘सदर विद्यार्थ्यास आपल्या आस्थापनेत कार्यप्रशिक्षणाची संधी द्यावी’ एवढेच त्यात लिहिलेले. आस्थापना कोणती, ती शोधायची कशी, तिथे जाऊन बोलायचे काय, याबद्दल एक ओळ नाही. ज्याचा मामा सीएच्या ऑफिसात आहे किंवा आत्या बँकेत आहे, त्याचा प्रश्न एका फोनवर सुटतो. ज्याच्या घरातून कॉलेजात जाणारा तो पहिलाच, त्याने फोन कुणाला करायचा? शेवटी कुणीतरी ‘पाचशे रुपयांत सर्टिफिकेट’ देणारा सापडतो. मार्क मिळतात, पण हाताला काही लागत नाही. अशी प्रमाणपत्रे आम्ही पाहिली आहेत. ती घेणाऱ्या मुलांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. पण ते १२० तास वाया गेले, हेही खरेच.

म्हणून हा लेख. तो मुख्यतः बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. इंजिनिअरिंगवाल्यांकडे निदान प्लेसमेंट सेल तरी असतो.

हे १२० तास आले कुठून?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या रचनेत इंटर्नशिपला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक क्रेडिट म्हणजे ३० तास असा हिशोब आहे, त्यामुळे चार क्रेडिटचे १२० तास होतात. महाराष्ट्रात यालाच ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा मुलांच्या भाषेत ‘ओजेटी’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी पदवीच्या तिसऱ्या वर्षी आणि पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ते येते. रोज तीन तास आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठ आठवडे लागतात. सुट्टीत रोज सहा तास दिले तर वीस दिवसांत होते. हा हिशोब आधी करा, कारण बरीच मुले सेमिस्टर संपायला तीन आठवडे उरल्यावर जागी होतात आणि मग सर्टिफिकेटवाल्याकडेच जावे लागते.

कोणती योजना कुणासाठी?

इथे सर्वात जास्त गोंधळ आहे. टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर ज्या मोठ्या योजनांची नावे फिरतात, त्यातल्या बहुतेक शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी नाहीतच.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा पथदर्शी टप्पा सुरू झाला. त्या टप्प्यात वयाची अट २१ ते २४ होती, इंटर्नशिप १२ महिन्यांची होती, दरमहा ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये असे विद्यावेतन होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे होते आणि उमेदवार पूर्णवेळ नोकरीत किंवा पूर्णवेळ शिक्षणात नसावा अशी अट होती. म्हणजे रोज कॉलेजात जाणाऱ्याचा अर्ज त्या टप्प्यात बसत नव्हता. मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्याचा बसत होता.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जुलै २०२४ ची. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचे अधिवास, नोंदणी महास्वयम् पोर्टलवर. बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधर-पदव्युत्तरांना १०,००० रुपये महिना. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती ११ महिने झाली. इथेही शिक्षण चालू असलेल्याला प्रवेश नाही. आमच्या ओळखीच्या काही मुलांनी ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत या योजनेत काम केले. काम शिकायला मिळाले, पण मुदत संपल्यावर कायम नोकरी मिळेल ही आशा ठेवून जे गेले ते निराश झाले. हे प्रशिक्षण आहे, भरती नव्हे. ते मनात पक्के ठेवूनच जावे.

तिसरी वाट ॲप्रेंटिसशिपची, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली. ती फक्त आयटीआयवाल्यांसाठी असते हा समज आता जुना झाला. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेच्या ‘नॅट्स’ पोर्टलवर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही नोंदणी करता येते. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपयांचे विद्यावेतन ठरवून दिले. आमच्या मते साध्या पदवीधरासाठी ही सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात भरवशाची वाट आहे, कारण मागे कायदा आहे आणि लेखी करार होतो.

मग आज शिकत असलेल्याने काय करायचे? एआयसीटीईचे इंटर्नशिप पोर्टल आहे. त्यावर बिगर-तांत्रिक संधीही येतात. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल २०१५ पासून मोफत चालते. याच यंत्रणेची अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र केंद्रे आहेत आणि त्यातले एक नागपुरात आहे. तिथे समुपदेशन आणि स्पर्धा परीक्षांची तयारी होते. विदर्भातल्या मुलांनी एकदा तरी तिथे जाऊन यावे. पुण्याच्या बार्टीची प्रशिक्षणे आपल्या वाचकांना माहीत आहेतच. जिल्ह्याच्या गावी जुने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आता ‘जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र’ या नावाने चालते. तिथे गर्दी नसते, त्यामुळे निवांत बोलता येते.

दिल्लीची मोठी नावे खुणावतात. नीती आयोगाची इंटर्नशिप घ्या. तिला मानधन नाही आणि पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीत ८५ टक्क्यांची अट आहे. दिल्लीत सहा आठवडे राहण्या-खाण्याचा खर्च कोण उचलणार? बिनपगारी इंटर्नशिप ही ज्यांच्या घरी पगार आहे त्यांच्यासाठीच असते, हे उघड बोलायला हवे. त्यापेक्षा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची दोन आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप समाजशास्त्र, राज्यशास्त्र, विधीच्या विद्यार्थ्यांना घरबसल्या करता येते.

जागा जवळच शोधा

ओजेटीसाठी पुण्या-मुंबईची कंपनीच हवी असे नाही. विद्यापीठाला काम आणि तास हवे आहेत. कॉमर्सच्या मुलांसाठी पतसंस्था, कर सल्लागाराचे ऑफिस, बाजार समिती. सामाजिक शास्त्रांच्या मुलांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, महिला व बालविकास कार्यालय, स्थानिक संस्था, सार्वजनिक ग्रंथालय, जिल्हा वर्तमानपत्राचे कार्यालय. विज्ञानवाल्यांसाठी पॅथॉलॉजी लॅब, दूध डेअरीचा तपासणी विभाग, पाणी शुद्धीकरण केंद्र. यादी मोठी करता येईल, पण मुख्य गोष्ट एवढीच की पायी, सायकलने किंवा एसटीने रोज परवडेल असे ठिकाण निवडा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेही हिशोबात धरा.

आमच्या वस्तीतली एक मुलगी, बी.ए. समाजशास्त्र. तीन ठिकाणांहून ‘नंतर या’ ऐकून आली आणि रडकुंडीला आली होती. चौथ्या ठिकाणी, एका ग्रंथालयात, आम्ही तिला तोंडी विचारू नको, पत्र दे म्हणालो. पत्रावर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला आणि आठ दिवसांत होकार आला. ऑफिसात तोंडी विचारणाऱ्याला शिपाईही परत पाठवू शकतो. कागदाला उत्तर द्यावे लागते. पत्र असे असावे :

*विषय : १२० तासांच्या कार्यप्रशिक्षणाची संधी मिळणेबाबत.*
*महोदय, मी बी.ए. तृतीय वर्षात समाजशास्त्र विषय घेऊन शिकत आहे. अभ्यासक्रमानुसार मला १२० तासांचे कार्यप्रशिक्षण पूर्ण करायचे आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ५ या वेळेत मी येऊ शकते. मला मराठी टंकलेखन येते, एक्सेलमध्ये नोंदी करता येतात आणि घरोघरी जाऊन सर्वेक्षण भरण्याचा अनुभव आहे. आपल्या ग्रंथालयातील नोंदणी व सूचीच्या कामात मदत करण्याची माझी तयारी आहे. महाविद्यालयाचे पत्र सोबत जोडले आहे.*

‘कोणतेही काम द्या’ असे लिहू नका. तुम्ही काय करू शकता हे नेमके सांगितले की समोरच्याला होकार देणे सोपे जाते. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

बायोडाटा नव्हे, रेझ्युमे

आमच्याकडे येणारे दहापैकी आठ रेझ्युमे लग्नाच्या बायोडाट्यासारखे असतात. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव, उंची, छंद : वाचन. यातले काहीही लागत नाही. जात फक्त तिथेच लिहायची जिथे आरक्षणाचा किंवा योजनेचा लाभ घ्यायचा आहे आणि अर्जात तो रकाना आहे. एक पान पुरे. नाव, फोन, साधा ई-मेल पत्ता, शिक्षण, येत असलेली कामे, केलेली कामे.

‘केलेली कामे’ इथे मुले अडतात. म्हणतात, अनुभव नाही. मग आम्ही विचारतो, जयंतीला काय केलेस? गेल्या वर्षी एकाने सांगितले की तो समितीचा खजिनदार होता. वर्गणीची पावती पुस्तके, मंडपवाल्याची बोलणी, पोलीस ठाण्याची ध्वनिक्षेपक परवानगी, शेवटी जमाखर्च वस्तीसमोर वाचून दाखवणे, हे सगळे त्याने केलेले. हा अनुभव नाही तर काय आहे? ‘१४ एप्रिलच्या सार्वजनिक कार्यक्रमाचा जमाखर्च सांभाळला, शासकीय परवानग्या मिळवल्या’ अशी ओळ लिहिली की झाले. भाजीच्या गाड्यावर हिशोब ठेवणे, शेजारच्या आयांचे पोस्टाचे फॉर्म भरून देणे, धाकट्यांची शिकवणी घेणे, हीही कामेच आहेत. मात्र खोटे लिहू नका. एक्सेल येते लिहिले आणि बेरजेचे सूत्र लावता आले नाही, तर पहिल्याच दिवशी उघडे पडाल. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र असूनही एक्सेल न येणारी मुले आम्ही बरीच पाहतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे व्हिडिओ मोफत आहेत आणि अनेक मराठीतही आहेत. त्यातला लिबरऑफिस कॅल्कचा संच पंधरा दिवस रोज एक तास केला तरी ऑफिसच्या कामापुरते येते.

‘वडील काय करतात?’

मुलाखतीत हा प्रश्न येतो आणि आपली मुले तिथेच खचतात. हा प्रश्न निरागस नसतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ५४८ खासगी जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये त्यांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीयरीत्या कमी होती. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की ते ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतात आणि त्यालाच गुणवत्तेचे माप समजतात.

हे माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण नकार आला की मुले स्वतःलाच कमी समजतात. उत्तर मात्र सरळ द्यावे. ‘वडील बांधकामावर मिस्त्री आहेत. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच.’ इथे थांबायचे आणि लगेच कामावर यायचे : ‘तुमच्याकडे नोंदी अजून वहीत आहेत असे दिसले, त्या मी एक्सेलमध्ये घेऊ शकते.’ हे आम्ही मुलांकडून मोठ्याने बोलून घेतो, चार-पाच वेळा. ऐकताना हसू येते त्यांना, पण आवाजातला कंप जातो.

कागद, पैसा आणि हक्क

आधार, गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, कॉलेजचे बोनाफाईड हे सगळे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, पण दाखल्याचा राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा आहे. केंद्राच्या संस्थेत अर्ज करायचा असेल तर तो नमुना आधीच काढून ठेवा, ऐनवेळी सेतू केंद्रात रांग लावून मिळत नाही. सरकारी विद्यावेतन थेट खात्यात येते, त्यामुळे बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आहे का ते तपासा.

नोंदणी फी, ट्रेनिंग किट, सिक्युरिटी डिपॉझिट अशा नावाने पैसे मागणारी इंटर्नशिप घेऊ नका. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका.

मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, मानधन असो वा नसो. दहा किंवा अधिक लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे. जातीवरून टोमणे आले तर तारीख, वेळ, कोण हजर होते हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि कॉलेजच्या मार्गदर्शक शिक्षकाला लेखी कळवा.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काय काम केले, आठवड्याच्या शेवटी अधिकाऱ्याची सही. अहवाल त्यातूनच तयार होतो. शेवटी प्रमाणपत्र घेताना त्यात चार गोष्टी आहेत का पाहा : कालावधी, एकूण तास, प्रत्यक्ष केलेले काम आणि सही करणाऱ्याचे नाव व पद. ‘समाधानकारक काम केले’ एवढेच लिहून देत असतील तर कामाचा तपशील टाकून द्यायची विनंती करा. मसुदा तुम्हीच लिहून न्या, बहुतेक जण त्यावरच सही करतात.