मागे ऐकू ई राह्यनं का?

आमच्या साक्रीत वक्ता माइक हातात घेतला की आधी विचारतो, "मागे ऐकू ई राह्यनं का?" आजचा एपिसोड या प्रश्नावरच.

डिसेंबर १९३६. जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. शेतसारा आणि कर्ज कमी करण्याचा ठराव इथेच झाला. म्हणजे ज्याच्यासाठी ठराव, तो शेतकरी शेवटच्या रांगेत बसलेला. त्याला ऐकू आलं नाही तर उपयोग काय?

लाउडस्पीकर तेव्हा नवाच होता. १९१९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला राष्ट्राध्यक्ष विल्सन सुमारे ५० हजार लोकांसमोर त्यावरून बोलले होते. आपल्याकडे काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवण्यात 'शिकागो रेडिओ'चे नानिक मोटवाने पुढे होते.

तेव्हाचे अॅम्प्लिफायर जेमतेम काही दहा वॅटचे. मग एवढ्या गर्दीला पुरायचे कसे? उत्तर आहे कर्णा. एक वॅटवर एक मीटरला चांगला कर्णा साधारण १०८ डेसिबल देतो, घरातला साधा बॉक्स ८८. फरक २० डेसिबलचा, म्हणजे शंभरपट पॉवर! कर्ण्याचं जे काम १० वॅटमध्ये होतं, त्याला त्या बॉक्सला १००० वॅट लागतील.

दुसरं गणित अंतराचं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. ते नुसत्या पॉवरने भरून काढायचे तर चौपट वॅट. त्यापेक्षा खांबाखांबावर कर्णे टांगलेले बरे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणीप्रश्नावर सभा झाली. स्टेजच्या दोन्ही बाजूंना लग्नातल्या डीजेच्या भिंती. पुढच्यांचे कान बसले, मागच्या बायांना काही कळेना. कोणीतरी आवाज वाढवला आणि जनरेटर बंद पडला! टँकर कोणत्या वस्तीला कधी येणार, हे मागे शेवटपर्यंत पोचलंच नाही.

खरं तर मैदानाच्या मध्यावर दोन छोटे स्पीकर पुरले असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून ५० मीटरवरच्या स्पीकरला सुमारे ०.१५ सेकंद उशीर द्यायचा, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतात. आजच्या डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय बहुधा असतेच.

तेव्हा पुढच्या सभेला "किती वॅटचा लावायचा?" हे नंतर विचारा. आधी शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा. भेटू पुढच्या एपिसोडला!