यादीतून सूत्राकडे : प्रस्ताराची कुळकथा

दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आले की तीन नाणी एकाच वेळी फेकली जातात. छापा-काट्याच्या आठ शक्यता निघतात आणि त्या यादीला नमुना अवकाश म्हणायचे असते. मराठी व्याकरणात वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ घोकून तीन-तीन अक्षरांचे आठ गण पाठ करावे लागतात. छाप्याच्या जागी गुरू आणि काट्याच्या जागी लघू लिहून पाहा. गणिताच्या वहीतल्या आठ ओळी आणि मराठीच्या वहीतले आठ गण तंतोतंत जुळतात. दोघांचे गोत्र एकच आहे, आणि गणांची यादी वयाने कितीतरी वडील.

या घराण्याचा मूळपुरुष पिंगल. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला असावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्याच्या छंदःशास्त्राचे आठ अध्याय आहेत. कोणते वृत्त कसे ओळखायचे, हे सांगून तो थांबला असता तरी छांदसांचे काम भागले असते. पण शेवटच्या अध्यायात तो वेगळ्याच प्रश्नाला हात घालतो. चरणातली अक्षरे ठरली, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, तर वृत्ते एकंदर होऊ शकतात किती? कवींनी वापरलेली किती, हा प्रश्न नव्हे; होऊ शकणारी किती, हा. संभाव्यतेच्या गणिताला पहिली गरज असते ती याच प्रश्नाची.

पुढच्या छंदःशास्त्रकारांनी या हिशेबाचे सहा भाग पाडले आणि त्यांना ‘प्रत्यय’ म्हटले : प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट, लगक्रिया, संख्या आणि अध्वयोग. केदारभट्टाच्या ‘वृत्तरत्नाकरा’त ते ओळीने दिलेले आहेत.

पहिला प्रस्तार, म्हणजे सगळ्या शक्यतांची शिस्तीत मांडलेली यादी. आधी सगळे गुरू लिहायचे. पुढच्या ओळीसाठी डावीकडून येणाऱ्या पहिल्या गुरूखाली लघू ठेवायचा, त्याच्या उजवीकडचे वरच्यासारखेच उतरवायचे, डावीकडे जागा राहिली तर ती गुरूंनी भरायची. सगळे लघू आले की यादी संपली. तीन अक्षरांसाठी ही यादी अशी होते : गगग, लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल, ललल. हेच म, य, र, स, त, ज, भ, न हे आठ गण. या नियमाने एकही ओळ सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. मोजणीची सारी भिस्त या दोन गोष्टींवर असते.

यादीला क्रम मिळाला, की तिच्याशी खेळता येते. मधली एखादी ओळ पुसली गेली आणि फक्त तिचा क्रमांक ठाऊक आहे, तर ती शोधण्याची रीत म्हणजे नष्ट. क्रमांक सम असेल तर लघू लिहून निम्मे करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि मग निम्मे करा. सहावी ओळ हवी आहे? ६ सम, म्हणून लघू, उरले ३. ३ विषम, म्हणून गुरू, एक मिळवून निम्मे केले की २. २ सम, म्हणून लघू. उत्तर लगल, म्हणजे ज गण.

याच्या उलट उद्दिष्ट : ओळ समोर आहे, क्रमांक काढायचा आहे. अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे अंक मांडा, लघूंवरच्या अंकांची बेरीज करा आणि एक मिळवा. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. चरणात बारा अक्षरे, चार य गण. लघू पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानी येतात. त्यांच्यावरचे अंक १, ८, ६४ आणि ५१२. बेरीज ५८५, त्यात एक मिळवला की ५८६. बारा अक्षरी चरणाच्या एकूण ४०९६ शक्यता असतात. त्यांच्या यादीत मनाच्या श्लोकांचा चरण ५८६ वा. पडताळा हवा असेल तर ५८६ पासून नष्टाच्या रीतीने उलटे चालत जा, बरोबर चार य गण हाती लागतात. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ज्याला द्विमान पद्धत म्हणतात, ती इथे वेगळ्या वेषात आहे.

पण यादी लिहायला जागा लागते, आणि तिचाही हिशेब या मंडळींनी केला. तोच अध्वयोग. प्रत्येक ओळीला एक अंगुळ आणि दोन ओळींच्या मध्ये एक अंगुळ मोकळे, म्हणजे एकूण ओळींची दुप्पट वजा एक. सहा अक्षरांच्या चरणाच्या ६४ शक्यतांना १२७ अंगुळे पुरतात. भिंतीवर लिहिता येईल इतकी ही यादी. गायत्रीची चोवीसच्या चोवीस अक्षरे घेतली तर? ओळी होतात १,६७,७७,२१६ आणि अंगुळे ३,३५,५४,४३१. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर ही यादी सहाशे किलोमीटरांहून लांब जाते. यादी करण्याचा नाद सोडून सूत्र शोधावे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

त्यासाठी ‘संख्या’ हा प्रत्यय. पिंगलाने एकाला चोवीस वेळा दोनाने गुणत बसायला सांगितले नाही. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, शून्य येईपर्यंत. मग एकापासून उलटे या : जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट, जिथे निम्मे केले होते तिथे वर्ग. सहासाठी पायऱ्या ३, २, १, ० अशा येतात, आणि उलट वाटेने २, ४, ८, ६४. चोवीससाठी आणखी दोनदाच वर्ग करायचा : ४०९६ आणि मग १,६७,७७,२१६.

उरली लगक्रिया. सहा अक्षरांत नेमके दोन गुरू असलेल्या ओळी किती, तीन असलेल्या किती? पिंगलाचे सूत्र फारच त्रोटक आहे. दहाव्या शतकात हलायुधाने आपल्या ‘मृतसंजीवनी’ टीकेत त्याची मांडणी उलगडून सांगितली : वर एक चौकोन, त्याखाली दोन, त्याखाली तीन. कडेच्या चौकोनांत एक, आणि मधल्या प्रत्येकात वरच्या दोहोंची बेरीज. हा मेरुप्रस्तार. सहा अक्षरांची ओळ येते १, ६, १५, २०, १५, ६, १, बेरीज ६४. चीनमध्ये यांग हुईच्या १२६१ च्या ग्रंथातही हा त्रिकोण आहे. ब्लेझ पास्कालचा त्यावरचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६५ साली छापला गेला, आणि पाठ्यपुस्तकांत त्रिकोणाला नाव लागले ते पास्कालचे.

ही विद्या छंदांपुरती राहिली नाही. सुश्रुतसंहितेत सहा रसांची मिश्रणे मोजलेली आहेत : एकेक घेतले तर ६, दोन-दोन १५, तीन-तीन २०, असे करत एकूण ६३. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांचा हिशेब केला. सोळांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्याने ‘गणितसारसंग्रहा’त कितीही वस्तूंतून कितीही निवडण्याचा सर्वसाधारण नियम दिला. आज परम्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्यात जे सूत्र सी अक्षराने लिहितात, ते हेच.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हा हिशेब पाठ्यपुस्तकाच्या थाटात बसवला. आठ दारांच्या वाड्याची दारे किती प्रकारे उघडी ठेवता येतील? शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे अदलून-बदलून किती मूर्ती होतील? दुसऱ्याचे उत्तर ३६,२८,८००. आणि यापुढचा धागा थेट महाराष्ट्रातून जातो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, आणि आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला, असे तो लेख सांगतो. याच सिंघणाच्या पदरी देवगिरीला शार्ङ्गदेव होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांच्या ५०४० मांडण्या आहेत, आणि अमुक क्रमांकाची तान कोणती हे ओळखण्यासाठी खंडमेरूही आहे. नष्ट आणि उद्दिष्ट हे शब्दसुद्धा त्याने तसेच ठेवले. लघू-गुरूंची जागा सा-रे-गने घेतली, युक्ती मात्र तीच राहिली.

इतके सगळे असून ही मोजणी जुगाराच्या पटावर बसली ती दूर फ्रान्समध्ये. फाशांची वाण आपल्याकडे नव्हती. महाभारतातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजून सांगतो, आणि अक्षविद्याही त्यालाच अवगत असते. तरीही मोजलेल्या शक्यतांतून खेळाडूच्या वाट्याचा हिशेब काढणारे गणित उभे राहिले ते १६५४ साली, पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रांतून. प्रश्न असा होता : डाव अर्धवट मोडला, एकाला जिंकायला दोन फेऱ्या हव्यात, दुसऱ्याला तीन, तर पैसे कसे वाटायचे? फार तर चार फेऱ्यांत निकाल लागतो. मेरूची ओळ १, ४, ६, ४, १. दोन किंवा अधिक फेऱ्या पहिल्याकडे जाण्याच्या शक्यता ११, उरलेल्या ५. पैसे ११ ला ५ असे वाटा. अनुकूल शक्यतांना एकूण शक्यतांनी भागायचे, एवढी एक पायरी जुन्या मोजणीवर चढली, आणि संभाव्यता जन्माला आली.

ही पायरी चढताना खालची यादी कच्ची असली तर थोरही घसरतात. दालांबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. नाणे दोनदा उडवले तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती, यावर त्याने १७५४ साली विश्वकोशात लिहिले. त्याचे म्हणणे असे की पहिल्याच खेपेला छापा पडला तर खेळ संपला; म्हणून शक्यता तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. उत्तर दोन-तृतीयांश. प्रस्ताराच्या नियमाने दोन अक्षरे मांडली असती तर गग, लग, गल, लल अशा चार ओळी दिसल्या असत्या आणि उत्तर तीन-चतुर्थांश आले असते. त्याच्या तीन ओळी समान वजनाच्या नव्हत्या. ‘छापा’ या एका ओळीत दोन ओळी दडल्या होत्या. मुले आजही परीक्षेत चुकतात ती बहुधा इथेच. भागाकार बरोबर असतो, छेद चुकलेला असतो.

म्हणून गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी चार अक्षरांचा प्रस्तार मुलांकडून हाताने मांडून घ्या, सोळाच्या सोळा ओळी. मग भास्कराचार्यांच्या आठ दारांच्या वाड्याकडे वळा. निदान एक दार उघडे ठेवायचे तर किती प्रकार, हे विचारा. अडीचशेहून अधिक ओळी लिहायला कुणी तयार होणार नाही, आणि सूत्र मुले स्वतःच मागून घेतील. उत्तर २५५.