क्षयरोगाची हस्तपुस्तिका: एका दुर्लक्षित लेखनाचा इतिहास



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत कथा-कादंबरीवर, संतवाङ्मयावर किंवा आपल्या पूर्वजांच्या स्थलांतरावर बोलावे, असा रिवाज आहे. आज मी ज्या लेखनाविषयी बोलणार आहे, त्याला कोणी साहित्य म्हणणार नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेली क्षयरोगाची हस्तपुस्तिका हा माझा विषय आहे. असे पुस्तक आरोग्य केंद्राच्या टेबलावर पडून असते, त्यावर औषधांचे डाग पडतात, आणि नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीत जाते. तरीही लाखो लोकांचे जगणे-मरणे ज्या लेखनावर अवलंबून राहिले, त्यात त्याची गणना करावी लागेल. माझे म्हणणे थोडक्यात असे: रोगाच्या ज्ञानातून अशी पुस्तिका अर्धीच लिहून होते. उरलेली अर्धी, रोगी दवाखान्यात कसा येतो आणि तिथून काय घेऊन परततो, हे पाहून लिहावी लागते. भारतात हे एकदा फार स्पष्टपणे उमगले होते, आणि पुढे ते निसटलेही.

क्षय आपल्या घरांना नवा नाही. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे राजयक्ष्म्याने वारले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच गेल्या. त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. या दोन मृत्यूंच्या दरम्यान, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. पेशव्यांच्या वैद्यांना जे ठाऊक नव्हते ते आनंदीबाईंच्या काळी ठाऊक झाले होते. पण रुग्णाच्या हाती दोन्ही वेळा सारखेच पडले. कारण कळणे आणि औषध मिळणे यांत साठ वर्षांहून अधिक अंतर होते.

त्या साठ वर्षांत कोणी पुस्तिका लिहिली असती, तर त्याच्यापाशी सांगण्यासारखे विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार आणि अलगपणा एवढेच होते. राजपुतान्यात तिलोनियाला १९०६ मध्ये, दक्षिणेत मदनपल्लीला १९१५ मध्ये आरोग्यधामे निघाली. आपल्याकडे मिरजेजवळचे वानलेसवाडी आणि इंदूरचे मनोरमाराजे रुग्णालय ही नावे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात. ज्यांना तिथे खाट मिळाली नाही त्यांच्या घरी ताट-वाटी वेगळी झाली, आणि रोगाचे नाव चारचौघांत घ्यायचे टाळले गेले, विशेषतः लग्नाची मुलगी घरात असेल तर.

औषधे आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, मागोमाग पॅस आले, आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त, गोळीच्या रूपात घेता येणारे औषध वापरात आले. मग प्रश्न उभा राहिला तो आकड्यांचा. १९५५ ते १९५८ या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर नमुना पाहणी केली. क्षय हा दाट वस्तीच्या शहरांचा रोग, अशी समजूत तोवर होती. पाहणीत तो खेड्यांतही जवळजवळ तेवढाच आढळला. रुग्ण लाखांनी होते आणि खाटा हजारांनी. प्रत्येकाला आरोग्यधामात पाठवावे असे पुस्तिकेत लिहिले असते, तर ते वाक्य छापल्या दिवशीच खोटे ठरले असते.

या कोंडीतून पहिली वाट मद्रासने दाखवली. १९५६ मध्ये तेथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली गरीब वस्त्यांतल्या १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच्या दाटीच्या घरी. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामात अन्न आणि विश्रांती अधिक होती, तरी घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात बरे झाले. पुढच्या पाहणीत असेही दिसले की, रुग्णाला घरी ठेवल्याने घरच्यांना होणारा धोका वाढला नाही. ताट-वाटी वेगळी करणाऱ्या आपल्या घरांपर्यंत ही बातमी फार उशिरा पोहोचली. काही घरांत ती अजूनही पोहोचायची आहे.

दुसरी वाट बंगळूरमध्ये सापडली, आणि पुस्तिकेच्या इतिहासात ती अधिक महत्त्वाची आहे. १९५९ मध्ये तेथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, परिचारिका, प्रयोगशाळेतील तज्ज्ञ आणि समाजशास्त्राचे अभ्यासक तेथे एकत्र काम करू लागले. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात आलेले डेन्मार्कचे हाफ्डान माहलर या कामात होते. पुढे १९७३ ते १९८८ ते त्याच संघटनेचे महासंचालक झाले. साऱ्या देशाला पुरेल असा कार्यक्रम आखायचा आणि तो चालवणाऱ्या साध्या कर्मचाऱ्याला समजेल असा लिहून काढायचा, ही त्यांची जबाबदारी होती.

त्या वेळी सर्वसाधारण समजूत अशी होती की, खेडूत अडाणी आहे, त्याला आपला रोग कळत नाही, म्हणून क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन गावोगाव त्याला शोधत फिरले पाहिजे. देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात जाऊन ही समजूत तपासली. त्यांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या फुप्फुसांत क्षय होता, त्यांतील बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती. थुंकीत जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली.

रोगी दाराशी येऊन गेला होता आणि दवाखान्याने त्याला ओळखले नव्हते. या एका गोष्टीने पुस्तिकेचा आराखडा ठरला. शोधमोहिमेपेक्षा, जो आधीच आला आहे त्याच्याकडे लक्ष देणे हे पहिले कलम झाले. ज्याचा खोकला रेंगाळला आहे त्याला तो किती दिवसांचा आहे हे विचारावे, त्याच दवाखान्यात त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, आणि औषध त्याच्या घराजवळच्या दवाखान्यातून मोफत द्यावे. आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात प्रायोगिक काम झाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्ह्याला एक केंद्र आणि बाकी सारे काम सर्वसाधारण दवाखान्यांतून, अशी त्याची रचना होती.

आता लेखनाकडे वळू. वैद्यकाचे पाठ्यपुस्तक रोगापासून सुरू होते: जंतू, लक्षणे, निदान, उपचार. पुस्तिका कामापासून सुरू होते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाला आपण क्षयाचे सगळे प्रकार समजावत बसत नाही. त्याला सांगतो: काचपट्टीवर कार्बोल फ्युक्सिन ओता, वाफ दिसेपर्यंत खालून तापवा, उकळू देऊ नका, पाच मिनिटे थांबा, धुवा, आम्लाने रंग उतरवा, मग मेथिलीन ब्लू द्या. निळ्यावर लाल काड्या दिसल्या तर त्या मोजा. शंभर क्षेत्रे पाहून एकही दिसली नाही, तरच नकारार्थी निकाल लिहा. यातले प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी चुकलेल्या निकालाच्या अनुभवातून आले आहे. ‘उकळू देऊ नका’ हे दोन-तीन शब्द गाळले, तर एखाद्या आईला रोग नाही म्हणून परत पाठवले जाईल.

शब्दांची निवड इथे किती जिवावरची असते, याचे उदाहरण आपल्या भाषेतच आहे. तपासणीला लागतो तो छातीतून सुटलेला बेडका. सरकारी मराठीत त्याला थुंकी म्हणतात. ‘थुंकी आणा’ म्हटले की सरळमार्गी माणूस डबीत लाळ आणून देतो, आणि लाळेत जंतू दिसत नाहीत. ज्या कर्मचाऱ्याने ‘चूळ भरा, दीर्घ श्वास घ्या, छातीतून जोराने खोका आणि बेडका आणा’ असे सांगितले, त्याने अर्धे निदान केलेच. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या मंडळींना बलगम हा शब्द ठाऊक आहे, बेळगावकरांना कफ. कोणता शब्द कोणत्या दारात चालतो, हे दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना सांगावे लागत नाही.

मग निसटले ते काय? पुस्तिकेत लिहिले होते की, ठरलेल्या दिवशी रुग्ण औषध न्यायला आला नाही, तर त्याला पत्र पाठवावे, आणि तरीही न आला तर घरी जावे. पुष्कळ ठिकाणी पत्रे गेली. पण रुग्ण परत आला तेव्हा औषधच शिल्लक नव्हते. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे परीक्षण झाले. अपुरा निधी, औषधांच्या पुरवठ्यातील खंड, क्ष-किरणांवर अवाजवी भिस्त, थुंकी तपासणीचा कमी दर्जा आणि उपचार पुरे करणाऱ्यांचे अल्प प्रमाण, हे दोष त्यात नोंदले गेले. रोगी शोधत न फिरता त्याला ओळखावे हे पुस्तिकेने शिकवले होते. पण ज्या कपाटातून औषध निघायचे, ते भरलेले राहील याची हमी पुस्तिका देऊ शकत नव्हती. नोंदवहीत मात्र दोष एकाच्याच नावे पडत होता. उपचार सुटलेल्या माणसाला ‘डिफॉल्टर’ म्हणत. हा शब्द कर्ज बुडवणाऱ्याचा आहे.

पुस्तिका वाचलीच गेली नाही, तर काय होते, हे मुंबईने दाखवले. मुकुंद उपलेकर आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड शेपर्ड यांचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास धारावीतील खासगी डॉक्टरांविषयी होता. शंभर डॉक्टरांनी क्षयासाठी ऐंशी वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहून दिल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये, झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पाहणी केली. १०६ डॉक्टरांकडून ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या मिळाल्या. त्यांतील बिनचूक केवळ सहा होत्या. अर्धवट आणि चुकीच्या औषधांतूनच औषधांना न जुमानणारा क्षय वाढतो. गरीब रुग्ण अनेकदा पहिल्यांदा याच दारी जातो, आणि सरकारी पुस्तिका या दारापर्यंत पोहोचवण्याचा विचार फार काळ कोणी केला नव्हता.

१९९३ पासून सुधारित कार्यक्रमाचे प्रयोग सुरू झाले आणि मार्च २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. त्यातील एक सुधारणा मला फार मोलाची वाटते. रुग्णाचे उपचार सुरू होताना त्याच्या नावाची एक पेटी बाजूला काढली जाऊ लागली आणि तिच्यात अखेरपर्यंतची सारी औषधे असत. पुस्तिकेतले आश्वासन अशा रीतीने कपाटात दिसू लागले. नियमही बदलत गेले. तीन आठवड्यांच्या खोकल्याची अट २००९ मध्ये दोन आठवड्यांवर आली. दिवसाआड दिली जाणारी औषधे २०१७ पासून रोज देण्याचे धोरण आले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शब्दही बदलले. ‘संशयित’ आणि ‘डिफॉल्टर’ गेले. ज्याच्यात रोगाची शक्यता आहे तो, आणि ज्याचा पाठपुरावा सुटला तो, अशी वर्णने आली. पाठपुरावा सुटला म्हटले की तो कोणाकडून सुटला, हा प्रश्न विचारता येतो.

श्रोतेहो, आपल्या घरांत डॉक्टर आहेत, औषधांची दुकाने चालवणारे आहेत, शिक्षक आहेत, आणि सरकारी कागद आपल्या भाषेत आणणारे भाषांतरकारही आहेत. तुमकूरच्या खेडुताला आपला आजार कळला होता आणि तो पायी चालत दवाखान्यात आला होता. त्यानंतर चुकले ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूला. पुस्तिकेची पुढची आवृत्ती लिहिणाऱ्याने, आणि तिचे मराठी करणाऱ्यानेही, आधी त्या टेबलापाशी एक सकाळ बसून लोक खोकल्याविषयी काय बोलतात ते ऐकावे, एवढेच माझे मागणे आहे.