काच आधी आली, कडी मागाहून

शिकारी रायफलीवरच्या दुर्बिणीची गोष्ट निघाली की सगळी वाहवा भिंगाची होते. ती चुकीच्या पत्त्यावर जाते, असं मला वाटतं. भिंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच कामापुरतं तयार होतं. जॉन चॅपमनने १८४४ साली अमेरिकन रायफलींवर लिहिलेल्या पुस्तकात दुर्बिणीतून नेम धरण्याचं वर्णन आहे. १८५५पासून विल्यम माल्कम न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला अशा दुर्बिणी बनवून विकत होता. मुंबई लष्करात नोकरी केलेल्या डेव्हिडसन या अधिकाऱ्याची दुर्बीण तर अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या व्हिटवर्थ रायफलींवर, डाव्या अंगाला बसवलेली दिसते. तरीही सामान्य शिकारी पुढची पाऊणशे वर्षं नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवरच नेम धरत राहिला. अडलं होतं ते ही नळी रायफलीला घट्ट धरून ठेवणाऱ्या माउंटपाशी.

माउंटचं काम वरवर पाहता क्षुल्लक: रायफलीवर दोन बैठका, त्यांवर दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्या, चार-सहा स्क्रू. पण हिशेब करून पाहा. दोन बैठकांत चार इंचांचं अंतर आहे आणि त्यातली एक इंचाच्या हजाराव्या भागाइतकी सरकली, तर १०० यार्डांवर गोळी जवळजवळ एक इंच बाजूला जाते, ३०० यार्डांवर पावणेतीन इंच. हजारावा भाग म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्यात प्रत्येक बाराला धक्का बसणार, म्हणजे स्क्रूवर हातोडीच पडणार. शिवाय जुन्या दुर्बिणीत नेम दुरुस्त करायची सोय पुष्कळदा माउंटमध्येच असे. माल्कमच्या लांबलचक नळ्यांना आत काहीच फिरवायचं नसे, मागची बैठकच वरखाली आणि डावीउजवीकडे हलवायची. जर्मन दुर्बिणींतही बहुधा उंचीची दुरुस्ती आत असे आणि आडवी दुरुस्ती माउंटकडे. म्हणजे माउंटला दुर्बीण धरायचीही होती आणि हलवायचीही. एकाच खिळ्याला घट्ट राहायला आणि सरकायला सांगण्यासारखंच हे.

जर्मन आणि ऑस्ट्रियन कारागिरांनी यावर पंजाच्या माउंटचा तोडगा काढला. दुर्बिणीखालचे आकडे रायफलीवरच्या खाचांत अडकतात, कळ दाबली की दुर्बीण सुटते, परत लावली की त्याच जागी बसते. काम देखणं, पण प्रत्येक आकडा त्या एकाच रायफलीसाठी कानशीने घासून बसवायचा. ज्याच्या खिशाला असा कारागीर परवडे त्याचीच दुर्बीण. खुद्द रायफलही आडवी येत होती. माउझर ९८चा बोल्ट उघडताना त्याचा दांडा वर येऊन दुर्बिणीला अडतो. म्हणून दुर्बीण उंच चढवली, तर माशीच्या हिशेबाने घडवलेल्या दस्त्यावर गालाऐवजी हनुवटी टेकवावी लागे. विंचेस्टर ९४ तर रिकामी पुंगळी सरळ वर फेकते. रायफलीच्या बरोबर वर दुर्बीण लावायची तर पुंगळी जाणार कुठून? तिला बाजूची वाट मिळायला १९८०चं दशक उजाडलं.

यावर कुणी म्हणेल, खरा दोष काचेचाच होता. पावसात, थंडीत ती आतून धुरकट होई. ही तक्रार खरी आहे. कोरडा नायट्रोजन भरून नळी सीलबंद करण्याची पद्धत रुळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पण तोवर शिकाऱ्याला सावरलं कुणी? माउंटनेच. न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हाउचा माउंट रायफलीच्या बगलेला असे. खटके फिरवले की दुर्बीण उतरे आणि माशी मोकळी होई. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुर्बिणीची गरजच काय? जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण १९०७ साली दुर्बिणीशिवायच मारली. हे मान्यच करायला हवं. दाट झाडीत, हाकेच्या अंतरावर दुर्बीण उलट अडचणच करते. पण उघड्या माळावर वा डोंगरउतारावर दोन-तीनशे यार्डांवरचं हरीण टिपणाऱ्याला तिची गरज पहिल्यापासून होती, आणि तोही तिच्यावाचूनच होता. गरज नसल्याने दुर्बीण मागे पडली, हे त्याला लागू पडत नाही.

कोंडी फुटली ती १९३०मध्ये. विल्यम वीव्हर या अमेरिकन तरुणाने ३३० नावाची दुर्बीण बाजारात आणली, पाऊण इंची नळीची, माउंटसकट १९ डॉलरला. भिंगाच्या बाबतीत ती जर्मन मालाच्या जवळपासही नव्हती. तिची करामत ‘माउंटसकट’ या शब्दात होती. पाठोपाठ कारखान्यांनी रायफलच बदलली. विंचेस्टर मॉडेल ७०चा बोल्ट दुर्बिणीखालून उघडेल असा घडवला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर बैठकीची भोकं कारखान्यातच पाडून, आटे काढून मिळू लागली. कानस घेऊन बसणाऱ्या कारागिराचं काम एका स्क्रू-ड्रायव्हरवर आलं. हस्तकौशल्य गेलं याची हळहळ वाटते खरी, पण दुर्बीण घरोघर पोचली ती त्यामुळेच.

रायफलीवर बैठकीसाठी बसवायची, वीव्हरच्या नावाची आडव्या खाचांची पट्टी पुढे इतकी रुळली की अमेरिकन लष्कराने १९९५ साली स्वतःचं प्रमाण ठरवताना तिचाच साचा घेतला. खाच तेवढी रुंद केली, ०.१८० इंचांची ०.२०६. म्हणून शिकाऱ्यासाठी बनलेली वीव्हरची कडी लष्करी पट्टीवर सहसा बसते. लष्करी कडी मात्र वीव्हरच्या खाचेत बसत नाही.