बाईची झोप कुठल्या कायद्यात मोजली?

काल सकाळी पावणेसहाला स्टँडवर होतो. एमआयडीसीच्या बसमधून रात्रपाळी करून एक जोडपं उतरलं. नवरा म्हणाला, "जाऊन पडतो जरा." बायकोने दुधाची पिशवी घेतली आणि पोराच्या डब्यासाठी भाजी बघायला लागली. रात्रपाळी दोघांचीही होती, झोप मात्र एकालाच!

मंडळी, ही गोष्ट आजची नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास काढून बघा. सुरुवातीला गिरणी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालायची, आठवड्याची सुट्टी नव्हतीच. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाला ठरलेली वेळ. म्हणजे दमल्या शरीराला आराम द्या, एवढंच. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषण केलं. त्याच वर्षी 10 जूनला रविवारची सुट्टी मिळाली.

पुढे गिरणीत विजेचे दिवे आले आणि दिवस आणखी लांबला. 1905 च्या सुमाराला काही गिरण्यांत चौदा-पंधरा तास काम चालायचं. मग कायद्याने तास कमी होत गेले : 1911 ला कापड गिरण्यांत पुरुषांना बारा, 1922 ला अकरा, 1934 ला दहा, 1948 ला नऊ. बायकांसाठी तर 1891 लाच अकरा तासांची मर्यादा घातली होती.

पण कायदा तास मोजायचा ते गेटच्या आतले. वाइंडिंग, रीलिंग खात्यातली बाई भोंगा व्हायच्या आधी उठून चूल पेटवायची, पाणी भरायची. सुटल्यावर पुन्हा चूल आणि पोरं. ते तास कुठल्याच मस्टरवर चढले नाहीत.

पुरुषही सुखात होते असं नाही. चाळीच्या एका खोलीत कितीतरी जण पाळीने झोपायचे. एक कामावर गेला की त्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. पण त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाईचं काय? दिवसपाळीवाले जेवून जातात तोवर रातपाळीवाले ताटावर. पुरुषाची झोप एका पाळीने मोडायची, तिची सगळ्या पाळ्यांनी.

आता गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. तरी केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीचा आकडा बघा. घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी 289 मिनिटं घालवतात. घरकामाला हात लावणारे पुरुष 88 मिनिटं. आणि घरकाम अजिबात न करणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत, बरं का.

दुसऱ्याला कशाला बोलू? आमच्या घरी बायको पाचला उठते, मी साडेसातला. मी रात्री उशिरापर्यंत बातम्या करतो, हे माझं ठरलेलं कारण. तीही नोकरी करते, हे सोयीने विसरतो.

गेटच्या आतले तास कमी करायला मोर्चे काढावे लागले, संप करावे लागले. घरातले तास वाटून घ्यायला कुठला कायदा लागतो? उद्यापासून डबा मी करणार आहे. तुमच्या घरी सकाळी पहिलं कोण उठतं? खरं सांगा.