भागाकाराच्या फेऱ्या आणि कापरेकर गुरुजी

मंडळी, कागद घ्या आणि १ ला ७ ने भागा. ०.१४२८५७ आणि मग पुन्हा १४२८५७... कितीही भागत बसा, सहा आकड्यांचीच फेरी. कारण सोपे आहे. ७ ने भागताना बाकी १ ते ६ एवढीच उरू शकते. त्या सहा संपल्या की पहिली बाकी पुन्हा येणारच.

आता १३ घ्या. बाक्या बारा, पण फेरी सहाचीच: ०७६९२३. मग उरलेल्या सहा बाक्या गेल्या कुठे? २ ला १३ ने भागा, १५३८४६ ही दुसरी फेरी मिळते. बाराचे सहा-सहाचे दोन वाटे झाले! (१७ ची फेरी मात्र पुरी सोळाची. नातवंडांना घालायला चांगले गणित.) भाजक मूळ संख्या असला, २ आणि ५ सोडून, की फेरीची लांबी त्याच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येला नेहमी नि:शेष भागते. याच्या मुळाशी असलेला नियम फर्माने १६४० मध्ये एका पत्रात लिहिला, आणि गाउसने १८०१ च्या ग्रंथात त्यावरून दशांशांच्या फेऱ्या उलगडून दाखवल्या.

या फेऱ्यांच्या नादी लागलेला आपल्याकडचा माणूस म्हणजे द. रा. कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातला. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. ६१७४ मुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या 'डेम्लो' संख्यांचे नाव तर आपल्या शेजारच्या डोंबिवली स्टेशनावरून आले. मला मात्र आवर्ती दशांशांच्या चक्रांवर त्यांनी १९५० च्या सुमारास काढलेली पुस्तिका जास्त मोलाची वाटते.

विद्वानांनी हा सगळा आकड्यांचा खेळ ठरवला. मला ते पटत नाही. १३ च्या त्या बारा बाक्या मिळून जे होते त्याला गणितात 'गट' म्हणतात. आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी १९४० च्या दशकात गटांची 'कोहोमॉलॉजी' उभी केली. नाव जड आहे, पण त्यातली एक गोष्ट ओळखीची निघते. गट सांत असला की, पहिली पायरी सोडून, तिथला कोणताही घटक गटाच्या सभासदसंख्येइतक्या वेळा स्वतःत मिळवला की शून्य होतो. मग त्याहून लहान संख्येने सगळ्यांचे भागते का, हा प्रश्न. बाराऐवजी सहा पुरतात का, त्याच जातीचा!

गुरुजी तिथवर गेले नाहीत, हे खरेच. अंकांपाशीच थांबले. वरच्या पायरीवर न्यायला विद्यापीठातली सोबत हवी होती, असे आपले मला वाटते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि जगात नाव झाले. तेव्हा गुरुजी सत्तरीचे होते, शाळा सुटून तेरा वर्षे झाली होती.