थांबावे कोठे?

मूल खडाखड वाचते, पण अर्थ विचारला की गप्प होते, ही शिक्षकांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. ती नवी नाही. पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत, पावकी-निमकी घोकीत. अर्थ विचारण्याची रीत फारशी नव्हती. त्यातून व्यवहाराची लिपी मोडी. तीत शब्द तोडून लिहीत नसत, विरामचिन्हेही नसत. शब्द कोठे संपला हे ठरविण्यास वाक्याचा अर्थ आधी लागावा लागे. मुरलेल्या कारकुनास वाचन आणि आकलन एकच होते. नवशिक्या पोराचे मात्र हाल.

मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली. मोल्सवर्थच्या कोशकार्यात तयार झालेले हे लष्करी गृहस्थ पुढे सरकारी शाळांच्या मराठी क्रमिक पुस्तकांवरही देखरेख करू लागले. त्यांनी मराठीला इंग्रजी वळण लावले, हा आक्षेप अगदीच खोटा नव्हे. तरीही स्वल्पविरामापुरते आम्ही त्यांचे ऋणी आहोत. (रविवारी वाचनवेदीवरून पूर्णविराम गिळणारा वाचक ऐकला, की कँडीसाहेब हमखास आठवतात!)

मागे एकदा चौथीच्या वर्गात आम्ही फळ्यावर लिहिले: ‘थांबू नका जाऊ’. निम्मा वर्ग म्हणाला, निघायचे. निम्मा म्हणाला, थांबायचे. स्वल्पविराम ‘थांबू’नंतर की ‘नका’नंतर, यावरून दोन मुलींची जी जुंपली, ती मधल्या सुटीची घंटा झाली तरी मिटली नव्हती.